पहिली दहा मिनिटं

प्रौढांना मार्केटिंग शिकवायचं तर तासाची सुरुवात 'हटके' हवी, असं आम्हा शिकवणाऱ्यांना बजावलेलं असतं. बजावणाऱ्यांनी आमचा संध्याकाळचा वर्ग पाहिलेला नसतो. चौथीच्या पोरांच्या मापाचे बाक, आणि त्यांत गुडघे कसेबसे कोंबून बसलेली, दिवसभर धंदा करून दमलेली मंडळी: किराणावाले शेठ, विमा एजंट, फ्लेक्स छापणारा दादा, बचत गटाच्या काकू. यांना मी विक्री शिकवणार!

'हे पेन मला विका' हा जगभर चालणारा प्रकार. काकूंनी पेन तळहातावर गिरवून पाहिलं. "अडकतंय हो. कशाला घेताय, सर?" एजंटने तर पेन हातातही घेतलं नाही. "राहू द्या तुमच्याकडेच, सहीला लागेल," म्हणत त्याने बॅगेतून फॉर्म काढला.

मग गोष्टीवर आलो. लिज्जतची. १९५९ साल, गिरगाव, ७ बायका, ८० रुपये उसने, गच्चीवर लाटलेले पापड, पहिल्या दिवशी ४ पाकिटं. इथे माझा आवाज सवयीने भरून येतो.

"८० रुपयांना व्याज किती?" काकूंनी विचारलं.

"माल रोखीने गेला का उधारीवर?" शेठ.

"आणि पावसाळ्यात वाळवले कुठे?"

हा शेवटचा प्रश्न अस्सल होता. पहिल्या पावसाळ्यात त्यांचं काम खरोखरच बंद पडलं होतं. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह अशी तोड निघाली. पण मी तोंड उघडायच्या आत "खाली शेगडी ठेवायची, त्यात काय!" म्हणून काकू मोकळ्या. गोष्टीचा कळस हातचा गेला.

अमेरिकेच्या जेरोम मॅकार्थींनी १९६० मध्ये मांडलेले चार 'पी' फळ्यावर लिहिले: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. शेठ चष्मा वर सरकवून म्हणाले, "पाचवा राहिला. पैसे. ते कधी येणार?" मॅकार्थींकडे वह्यांवर उधारी मांडणारी गिऱ्हाइकं नसावीत. मी मुकाट्याने पाचवा 'पी' लिहिला.

शाम्पूची पुडी नेली, त्या दिवशी तर तास माझा राहिलाच नाही. शेठ उठले, माझ्या हातातली पुड्यांची माळ खिडकीच्या गजाला लटकवली आणि समजावू लागले: गिऱ्हाइकाच्या नजरेच्या उंचीवर, उन्हापासून आत, आणि कात्रीने कापताना पुडीला धक्का न लावता नेमकी जोडावर. बाटली पाहून बाई घरी विचारून येते म्हणते, पुडी तिथल्या तिथे घेऊन जाते. एवढं नेटकं मला पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं. सगळे लिहून घेत होते. मीही.

शेवटी ठरवलं, आपण बोलायचंच नाही. बिनलेबलचं चिवड्याचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि गप्प उभा राहिलो. कुतूहल निर्माण होणं अपेक्षित होतं. पाकीट फुटलं, बाकाबाकांवरून फिरलं, रिकामं होऊन परत आलं. "तेल जुनं आहे," काकूंचा निकाल. "कितीला फसवलं तुम्हाला?" मी किंमत सांगितली. वर्गात हळहळ पसरली. मग काकूंनी पिशवीतून स्वतःची लसूण शेव काढली, चिमूटभर माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत.

कुणाला लसूण शेव हवी असेल तर सांगा. दोन किलो आहे. चांगली आहे.