‘सलाम-ए-इश्क’च्या शोबद्दल तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. दोन स्टार दिलेत त्याबद्दल काही म्हणणं नाही, तो तुमचा हक्क आहे. पण व्हॅलेंटाइन वीकला आम्ही ‘सलाम-ए-इश्क’ लावला, इतके तगडे कलाकार असून सिनेमा बेताचाच निघाला, साडेतीन तासांच्या वर बसावं लागलं, आणि असला सिनेमा तिकीट लावून दाखवणं म्हणजे लोकांना फसवणं आहे, असं तुम्ही लिहिलंय. फसवल्याचं वाचून वाईट वाटलं म्हणून सविस्तर लिहितोय.

सिनेमा भारी आहे असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही. बुकिंग करताना आणि दाराजवळच्या बोर्डावर, दोन्हीकडे लिहिलं होतं की सहा जोड्यांची गोष्ट आहे, लांबी ३ तास ३६ मिनिटं, पटकथा कमीजास्त आहे, कलाकारांसाठी बघा. मी स्वतः शो सुरू व्हायच्या आधी उभं राहून तेच सांगितलं.

आणि सिनेमात जे कमी पडतं त्याबद्दल तुमचं माझं भांडणच नाही. दिग्दर्शक निखिल अडवाणींचा ‘कल हो ना हो’ २००३ चा, त्यानंतर हा जानेवारी २००७ मध्ये आला, म्हणजे अपेक्षा केवढ्या होत्या बघा. आता २१६ मिनिटं भागिले सहा जोड्या केलं तर एकेका जोडीला छत्तीस मिनिटं येतात, त्यातून शंकर-एहसान-लॉयची गाणी वजा करा, मग माणसं उभी राहणार कधी? ज्याच्याशी याची नेहमी तुलना होते त्या ‘लव्ह ॲक्च्युअली’ या इंग्रजी सिनेमात गोष्टी याच्याहून जास्त आहेत आणि सिनेमा सव्वादोन तासांचा, पण तिथे ख्रिसमस जवळ येत असतो आणि सगळे त्या एका दिवसाकडे निघालेले असतात. इथे मुंबई, दिल्ली, लंडन अशी सगळी पांगापांग. सोहेल खान आणि ईशा कोप्पीकरच्या वाट्याला तर एकच गंमत आलीये, तीच परत परत. आणि विद्या बालनची स्मृती जाते, तिला नवराच आठवत नाही, हा डोळ्यात पाणी आणणारा भाग, तो जरा कुठे मनात उतरतोय तोवर लगेच कट करून दुसरीकडची धमाल सुरू. हे सगळं मान्य.

पण म्हणून लावायचाच नाही हे मला पटत नाही. त्यात अनिल कपूर आणि जुही चावला आहेत मॅडम. संसार व्यवस्थित चाललेला, बायकोशी काही वाकडं नाही, आणि तरी हा माणूस आतून कंटाळलाय आणि भलतीकडे ओढला जातोय, हे अनिल कपूर जास्त न बोलता दाखवतो आणि जुही ते ज्या पद्धतीने सोसते त्याला तोड नाही. तेवढा भाग वेगळा काढला तर एक चांगला सिनेमा होईल असं मला खरंच वाटतं. मग आपला विरारचा गोविंदा, दिल्लीचा टॅक्सीवाला झालाय, परदेशी मुलीला तिच्या बॉयफ्रेंडपर्यंत पोचवायला निघतो आणि स्वतःच तिच्यात गुंततो, तिला याची भाषा येत नाही, याला तिची. लिहिलेलं फार काही नाहीये तिथे, सगळं त्याच्या टायमिंगवर चाललंय. ज्यांनी १९९७ चा ‘दिवाना मस्ताना’ बघितलाय त्यांना तर वेगळीच मजा, कारण अनिल, जुही, गोविंदा तिघं तिथे होते आणि शेवटी येऊन बाजी मारून जाणारा सलमानसुद्धा! आणि अक्षय खन्ना. त्या दिवशी कॉलेजची बरीच मुलं आली होती, ‘छावा’मध्ये त्याचा औरंगजेब बघून आलेली, आणि इथे तोच माणूस लग्नाच्या भीतीने घामाघूम झालेला बघून ती मुलं अक्षरशः टाळ्या वाजवत होती.

तुम्ही लिहिलंय की लोक उगाच हसत होते. नाही हो. उगाच कोणी इतका वेळ हसत नाही. घरी मोबाईलवर हा सिनेमा लावला तर विसाव्या मिनिटाला बंद कराल, मीही करेन, पण हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं सोबत असली की आपण कंटाळवाण्या भागातूनही बसून राहतो आणि मग चांगला सीन येतो तेव्हा तो पूर्ण मिळतो. ‘तेनू लेके’ सुरू झाल्यावर मागच्या रांगेतल्या दोन मावश्या उठून नाचल्या, त्यांना आपण फसवले गेलोय असं वाटलं असेल असं मला नाही वाटत. फक्त ग्रेट सिनेमे दाखवायचे ठरवले तर हिंदीतले निम्मे चांगले नट मोठ्या पडद्यावर परत दिसायचेच नाहीत, कारण त्यांची कितीतरी चांगली कामं असल्याच अर्ध्या जमलेल्या सिनेमांत अडकून पडलीयेत.

आता पैसे परत करण्याबद्दल. प्रोजेक्टर बंद पडला, आवाज नीट नव्हता, शो रद्द झाला तर आम्ही पूर्ण पैसे देतो, न मागता देतो. सिनेमा आवडला नाही म्हणून देत नाही, कारण शोचे हक्क, वीज, पोरांचे पगार हे सगळं आम्ही आधीच भरलेलं असतं. रात्री बाराला रिक्षा मिळाली नाही हे वाचून मात्र काळजी वाटली. लांबीचे सिनेमे आम्ही मुद्दाम शनिवारी ठेवतो, दुसऱ्या दिवशी सुट्टी असते म्हणून, आणि उशिरा सुटणाऱ्या शोला काउंटरवरचा मुलगा गाडी मागवून देतो, गाडी येईपर्यंत सोबत थांबतो. पुढच्या वेळी त्याला नक्की सांगा.

आणि पटकथेबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते खरंच चांगलं लिहिलंय. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आम्ही चहावर बसून त्या महिन्यात दाखवलेल्या सिनेमांवर बोलतो, तिकीट नसतं, या वेळी हाच सिनेमा आहे. तुम्ही या आणि हे सगळ्यांसमोर मांडा. मी अनिल-जुहीच्या बाजूने बोलणारच आहे.