राजवाडा हेल्मेट घालून बांधला होता का?

गेल्या आठवड्यात इंदूरच्या मराठी मंडळींच्या तीन ग्रुपांवर मला एकच मेसेज आला. तिसऱ्यांदा तो पाठवणारे काका ओळखीचे निघाले. सुदामानगरात त्यांचं घर दुसऱ्या मजल्यापर्यंत आलंय, म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर फॉरवर्डला उत्तर देत बसायचा माझा स्वभाव नाही.

मेसेज थोडक्यात असा: साइटवरचं हेल्मेट, बेल्ट हे सगळं कंपन्यांनी माल खपवायला काढलेलं नाटक आहे. आपला होळकरांचा सात मजली राजवाडा कोणी हेल्मेट घालून बांधला होता का? उन्हाळ्यात हेल्मेटनेच चक्कर येऊन माणूस पडतो. दुमजली घराला बेल्ट कशाला, उलट त्यात पाय अडकतो. धुळीला गमछा पुरतो. डोक्यावर तसला (घमेलं) वाहणाऱ्या रेजाने, म्हणजे बाई मजुराने, हेल्मेट घालायचं कुठे? आणि शेवटी, दिलं तरी मजूरच घालत नाहीत, म्हणजे मालकाची जबाबदारी संपली. खाली तो प्रसिद्ध काळा-पांढरा फोटो: न्यूयॉर्कच्या आकाशात लोखंडी तुळईवर डबा खात बसलेले अकरा कामगार. ना हेल्मेट, ना दोर.

आधी फोटोचं उरकतो. तो 1932 चा आहे आणि रॉकफेलर सेंटरच्या जाहिरातीसाठी मुद्दाम काढलेला आहे. पुढच्याच वर्षी त्याच देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर गोल्डन गेट पुलाचं काम सुरू झालं. तिथे कडक टोपी सक्तीची केली आणि नंतर पुलाखाली जाळी बांधली. त्या जाळीने 19 माणसं झेलली. तरी 17 फेब्रुवारी 1937 ला एक आख्खी परांची सुटून जाळी फाडत खाली गेली आणि एका दिवसात दहा माणसं गेली. हे दोन्ही आकडे सोबत ठेवायचे. नुसता पहिला सांगणारा माल विकत असतो, नुसता दुसरा सांगणारा मेसेज फॉरवर्ड करत असतो.

आता राजवाडा. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. तो उभारताना किती पाथरवट आणि सुतार पडले याची वही तुमच्याकडे आहे? माझ्याकडेही नाही. ज्यांची नोंदच नाही ते सुखरूप घरी गेले, हा हिशेब मला जमत नाही.

उन्हाचा मुद्दा मात्र खोटा नाही. मे महिन्यात स्लॅबवर हेल्मेट घालून घाम येत नाही असं म्हणणाऱ्याने ते कधी घातलेलं नाही. मी सव्वीस वर्षं घालतोय, कपाळावरच्या पट्टीखाली दर उन्हाळ्यात घामोळं येतं. पण चक्कर येते ती दुपारी बारा ते चार काम चालू ठेवल्याने, पाण्याचा माठ खाली आणि माणूस वर असल्याने. सकाळी सहाला सुरू करा, अकराला थांबवा, संध्याकाळी पुन्हा धरा. स्लॅबवर पाणी ठेवा. हेल्मेट डोक्याला टेकत नाही, आतल्या पट्ट्यांच्या जाळीवर तरंगतं. ती जी दोन-तीन बोटांची पोकळी असते, वार तिथे जिरतो, आणि हवाही तिथूनच फिरते.

पण ती जाळी असायला हवी ना! मागच्या महिन्यात एका साइटवर (नाव नको) एका बेलदाराचं हेल्मेट हातात घेऊन उलटं केलं. आत काहीच नव्हतं. पट्टे कुठल्यातरी मागच्या माणसाने तोडून टाकलेले, हनुवटीचा पट्टा नाहीच, तळाशी सिमेंटचा थर आणि त्यात चिकटलेले दोन खिळे. दिवसभर ते सेंट्रिंगच्या खिळ्यांचं भांडं होतं. इन्स्पेक्शनची गाडी दिसली की खिळे ओतायचे आणि डोक्यावर ठेवायचं. त्या प्लॅस्टिकच्या वाटीने डोकं तापतं, वाकलं की पडते, आणि वरून पाना आला तर सगळा वार सरळ कवटीवर. तिला तो माणूस शिव्या देतो, तर बरोबरच देतो.

आणि हेही कबूल: तिसऱ्या मजल्यावरून तीन किलोची अख्खी वीट आली तर चांगलं हेल्मेटसुद्धा वाचवेलच असं मी सांगणार नाही. ते आहे नटबोल्टसाठी, विटेच्या तुकड्यासाठी, वाकून उठताना टाळूत बसणाऱ्या परांचीच्या बल्लीसाठी (लाकडी वाशासाठी). अख्खी वीट थांबवायची तर परांचीच्या कडेला फळी आणि खाली जाळी लागते. ती मालकाने लावायची असते, मजुराने घालायची नसते.

बेल्ट. तीन मीटरवरून माणूस पाऊण सेकंदात खाली पोचतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास असतो. पलासियाच्या चौकातून त्या वेगाने स्कूटर भिंतीवर घालून बघा म्हणजे दुमजली म्हणजे काय ते कळेल. पाय अडकतो ही तक्रार बहुतेक कमरेच्या जुन्या पट्ट्याची. तो वापरूच नये. पडलेला माणूस त्यात मधोमध दुमडतो, झटका पोटाला आणि मणक्याला. खांदे-मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस घ्यायचा, दोन हुकांचा. एक हुक सोडायचा तो दुसरा अडकवल्यावरच. अडकवायचा डोक्याच्या वर आणि पक्क्या जागी, आपण उभे आहोत त्याच परांचीच्या बल्लीला नव्हे. मेसेजवाल्याला एक गुण इथेही देतो: सहा फुटी दोर, झटका शोषणारी पट्टी उघडते ती लांबी, वर माणसाची उंची, हे सगळं धरलं तर खाली साडेपाच-सहा मीटर मोकळे लागतात. पहिल्या मजल्यावर हुक पायाशी अडकवलात तर बेल्ट ताणला जायच्या आधीच जमीन येते. तिथे कठडाच हवा.

गमछ्यावर मी फार बोलणार नाही. आपल्या शेजारच्या झाबुआ-अलिराजपूरची माणसं गुजरातेत गोध्र्याकडच्या क्वार्ट्झ (गारगोटी) दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेली आणि फुप्फुसात सिलिका, म्हणजे दगडाची बारीक धूळ, घेऊन परतली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यायला लावले. ते कारखाने होते, साइट नव्हती, मान्य. पण ग्रॅनाइट आणि टाइल कोरडी कापताना उडते ती हीच सिलिका, आणि कापडातून ती आरपार जाते. कटरवर पाण्याची धार सोडा, वर नीट बसणारा मास्क द्या.

रेजाचा प्रश्न मेसेजमधला सगळ्यात खरा. डोक्यावर चुंबळ, त्यावर ओल्या मसाल्याचा तसला, आणि वर हेल्मेट? नाहीच जमत. मग यातून निघतं काय? मेसेजवाला म्हणतो हेल्मेट सोडा. मी म्हणतो तसला सोडा. हातगाडी, कप्पी, छोटी लिफ्ट, काहीही. ते होईपर्यंत तिची वाट परांचीखालून काढू नका, एवढं तरी करा. आमच्याकडे तिचा बूटही तिच्या मापाचा येत नाही. पुरुषांचे आठ-नऊ नंबर आणून ठेवतात आणि मग म्हणतात, बायका चपलाच घालतात. त्या चपलेतून फळीचा खिळा जातो तेव्हा टिटॅनसचं इंजेक्शन आम्हीच शोधत फिरतो.

राहिलं ते ‘मजूरच घालत नाहीत’. घालत नाहीत, बघतोच आहे. प्लास्टरचा माणूस फुटाच्या भावाने काम करतो. हुक बदलण्यात गेलेली दहा मिनिटं त्याच्या खिशातून जातात, तुमच्या नाही. मी ठेकेदाराला तेवढ्या वेळेची हजेरी धरायला लावली, त्या दिवसापासून अर्ध्यांनी कुरकुर थांबवली. उरलेले अर्धे अजून कुरकुरतात.

आणि दिलं की जबाबदारी संपली? 1996 चा बांधकाम कामगारांचा कायदा घ्या की 2020 ची नवी संहिता, सुरक्षेचा भार कामावर ठेवणाऱ्यावरच आहे. स्वतःच्या राहत्या घराच्या लहान बांधकामाला त्यात सूट आहे, हे काकांनी मला ऐकवण्याआधी मीच सांगतो. पण 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा की कामगाराने मुद्दाम साधन काढून टाकलं असं दाखवून भरपाई टाळता येते, मात्र माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर ही सबब चालत नाही.

काका, रविवारी सकाळी येतो. तुमच्या मागच्या बाजूच्या परांचीला कठडा नाही, गल्लीतून जाताना दिसलं. हेल्मेटं आणायला गेलात तर रंग नंतर बघा. आधी उलटं करून आतले पट्टे ओढून बघा आणि शिक्क्यावर आयएस 2925, म्हणजे साइटच्या हेल्मेटचा भारतीय मानक क्रमांक, आहे का ते वाचा. 4151 असेल तर दुकानदार तुम्हाला स्कूटरचं देतोय.