केबल तोडली, पण शनिवारच्या सामन्यांचे काय?

केबल तोडल्याने, म्हणजे केबल टीव्हीची वर्गणी बंद करून इंटरनेटवर किंवा अँटेनावर टीव्ही पाहिल्याने, पैसे वाचतात, ही बापूंच्या मते अलीकडच्या काळातील सर्वांत मोठी थाप आहे, आणि १६ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी ती सर्वांसमोर उघडी पाडायचीच, असे ठरवूनच ते कट्ट्यावर आले होते. आमचा कट्टा म्हणजे डेट्रॉइटच्या पश्चिमेला, कँटन येथील एका भारतीय वाणसामानाच्या दुकानाबाहेरची गुडघाभर उंचीची भिंत. बर्फ पडेपर्यंत तेथे चहाचे पेले घेऊन बसणारी चार-पाच मराठी माणसे ठरलेली असतात, आणि सप्टेंबर लागला की आदल्या दिवशीचे कॉलेज फुटबॉल हाच बहुतेक रविवारचा विषय असतो. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हे वेगळे सांगायला नको.

वाद समजण्यासाठी कोण कोणाच्या बाजूचा, हे आधी सांगितले पाहिजे. बापूंनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून एमएस केले, तर नानांनी येथेच, अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातून. दोघांची निष्ठा सारखीच आंधळी असली, तरी टीव्हीच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या देशांचे नागरिक आहेत. बापूंचा संघ एसईसी या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, खेळतो आणि २०२४ पासून त्या कॉन्फरन्सचे प्रक्षेपण हक्क डिस्नेकडे, म्हणजे एबीसी, ईएसपीएन आणि एसईसी नेटवर्क यांच्याकडे एकवटलेले आहेत. नानांचा संघ बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये. तिचे हक्क २०२३ पासून फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी अशा तिघांत वाटले गेले आहेत, शिवाय बिग टेन नेटवर्क ही तिची स्वतःची वाहिनी आहे आणि काही सामने केवळ एनबीसीच्या पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवरच दिसतात.

बापूंचे गाऱ्हाणे ताजे होते. त्यांनी केबल सोडून यूट्यूब टीव्ही ही केबलच्याच वाहिन्या इंटरनेटवरून दाखवणारी सेवा घेतली, आणि ३० ऑक्टोबरला त्या सेवेचा डिस्नेशी असलेला करार संपल्यावर ईएसपीएन आणि एबीसीसह डिस्नेच्या सगळ्या वाहिन्या तिच्यावरून गेल्या. १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्या परत आल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी ईएसपीएनवर ए अँड एमचा संघ साउथ कॅरोलायनाविरुद्ध मध्यंतराला ३–३० असा पिछाडीवर होता, आणि शेवटी तो सामना ३१–३० असा जिंकला.

‘‘एक दिवस उशीर झाला असता, तर आमच्या विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वांत मोठे पुनरागमन मला दुसऱ्या दिवशी वाचावे लागले असते,’’ बापू म्हणाले. ‘‘केबल होती तेव्हा निदान वाहिनी उद्या असेल की नाही, ही चिंता नव्हती.’’

‘‘ही आठवण निवडक आहे,’’ नाना म्हणाले. ‘‘२०२३ च्या ऑगस्टअखेरीस डिस्ने आणि चार्टर या केबल कंपनीचे भांडण झाले, तेव्हा लाखो घरांतले ईएसपीएन ऐन हंगामाच्या तोंडावर बंद पडले होते. ते केबलचेच ग्राहक होते. आणि गेल्या आठवड्यातला तुझा मिझुरीचा सामना एबीसीवर होता, तो तू माझ्या दिवाणखान्यात बसून पाहिलास, हेही सांग की.’’

हे खरे होते. नानांनी पोटमाळ्यावर अँटेना बसवला आहे. डेट्रॉइटच्या मोठ्या वाहिन्यांचे मनोरे साउथफील्डच्या परिसरात आहेत, आणि त्या दिशेला तोंड केलेल्या साध्या अँटेनावर फॉक्स, एबीसी, एनबीसी आणि सीबीएस या चारही वाहिन्या एक पैसा न देता, उत्तम चित्रासह येतात. आपल्याकडच्या अनेकांना हे माहीत नसते, कारण आपण या देशात आलो तेव्हा घरात केबलची तार आधीच आलेली होती, आणि टीव्ही म्हणजे बिल, हे समीकरण पक्के झाले होते. १५ तारखेला मिशिगनने शिकागोच्या रिगली फील्डवर नॉर्थवेस्टर्नला २४–२२ असे जेमतेम हरवले, तोही सामना फॉक्सवर असल्यामुळे नानांना फुकटच पडला. (बेसबॉलच्या मैदानात फुटबॉल कशासाठी खेळवतात, हा स्वतंत्र वाद आहे आणि तो मी येथे घेत नाही.)

येथवर चर्चा नेहमीसारखीच चालली होती. तिला वेगळे वळण दिले ते वहिनींनी. त्या फुटबॉल पाहत नाहीत. त्यांना मराठी मालिका, बातम्या आणि क्रिकेट एवढेच हवे असते, आणि ते सारे आता अ‍ॅपवर मिळते.

‘‘तुमचे सामने महाग झाले, असे तुम्ही दोघे म्हणता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला वाटते, ते पूर्वीही महागच होते, फक्त त्यांचे पैसे आम्ही भरत होतो. केबलच्या बिलात ईएसपीएनचा वाटा ती वाहिनी न पाहणाऱ्याकडूनही घेतला जात होता. शाकाहारी माणसाकडून वर्षानुवर्षे मटणाच्या ताटाचे पैसे घेतले आणि तो खानावळ सोडून गेल्यावर मटण महागले म्हणून ओरडायचे, यात काय अर्थ आहे?’’

बापू हसले, परंतु नाना गंभीर झाले, कारण या गोष्टीचा पुरावा त्यांच्याच संघाच्या इतिहासात आहे आणि तो त्यांना विसरता येत नाही. बिग टेन नेटवर्क ३० ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाले. दोनच दिवसांनी, १ सप्टेंबरला, त्या नव्या वाहिनीवर मिशिगन आणि अ‍ॅपलाचियन स्टेट हा वरवर किरकोळ वाटणारा सामना दाखवला गेला आणि त्यात देशात पाचव्या क्रमांकावर असलेले मिशिगन आपल्याच मैदानावर, खालच्या श्रेणीतील संघाकडून ३४–३२ असे हरले. मात्र मिशिगनमधील असंख्य घरांत हा पराभव दिसलाच नाही, कारण येथील सर्वांत मोठी केबल कंपनी कॉमकास्ट ती वाहिनी घ्यायला तयार नव्हती. वाहिनीची मागणी अशी होती की, बिग टेनच्या राज्यांत तिला मूलभूत पॅकेजमध्येच स्थान मिळावे, म्हणजे तिचे शुल्क प्रत्येक ग्राहकाकडून येईल. कंपनीचे म्हणणे असे की, ज्यांना खेळ पाहायचे आहेत त्यांनी खेळांचे वेगळे पॅकेज घ्यावे. भांडण वर्षभर चालले आणि २००८ च्या उन्हाळ्यात मिटले. तेव्हा वाहिनीला मूलभूत पॅकेजमध्ये जागा मिळाली, अर्थात वहिनींसारख्यांच्या बिलातही.

माझ्या मते पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ या भांडणात आहे. प्रेक्षक किती यापेक्षा केबलची जोडणी असलेली घरे किती, यावर पैसा ठरू लागला, तेव्हा कॉन्फरन्सच्या नकाशाला भूगोलाचा आधार उरला नाही. मेरीलँड आणि रटगर्स ही विद्यापीठे २०१४ मध्ये बिग टेनमध्ये घेतली गेली, ती त्यांच्या फुटबॉलच्या दबदब्यामुळे घेतली, असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांच्यामागे वॉशिंग्टन आणि न्यू यॉर्क या दोन महानगरांच्या परिसरातील केबलची घरे होती. न्यू जर्सीत एडिसनला राहणारी, रटगर्सचा एकही सामना न पाहिलेली आपली मराठी कुटुंबेही त्या घरांत होती. मिडवेस्टमधील विद्यापीठांच्या स्टेडियमना त्यांचा अज्ञात हातभार लागलेला आहे, हे त्यांच्या गावीही नसेल.

केबलची घरे कमी होऊ लागल्यावर हा पाया खचला. बापू याला लोकांचा कृतघ्नपणा म्हणतात, पण मला तो दोष लोकांचा वाटत नाही. ज्याला जे पाहायचे नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत, एवढेच लोकांनी ठरवले. परिणाम मात्र सर्वांवर सारखा झाला नाही. पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरच्या शतकभर जुन्या कॉन्फरन्सला २०२३ च्या उन्हाळ्यात अ‍ॅपलने मुख्यतः स्ट्रीमिंगवर आधारलेला प्रस्ताव दिला होता, ज्यात उत्पन्न बऱ्याच अंशी वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून राहणार होते. न पाहणाऱ्यांचे पैसे वगळून केवळ चाहत्यांच्या भरवशावर उभे राहायचे, असा त्याचा अर्थ होता. विद्यापीठांना ते धाडस झाले नाही. ४ ऑगस्ट २०२३ रोजी ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे बिग टेनकडे वळली, इतरांनीही वाट धरली, आणि त्या कॉन्फरन्समध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच विद्यापीठे उरली.

‘‘मग खेळाडूंना द्यायचे पैसे कोठून येणार?’’ बापूंनी विचारले. प्रश्न रास्त होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आता खेळाडूंना थेट मोबदला देता येतो, आणि पहिल्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, त्याची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी ठरली. त्यातला मोठा भाग शेवटी प्रक्षेपणाच्या पैशांतूनच येणार.

‘‘ते तुमच्याकडून येतील,’’ वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘‘कारण सामने तुम्ही पाहता.’’

मग हिशेब सुरू झाला. बापूंनी फोन काढून आकडे वाचले. यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये सुरू झाले तेव्हा महिन्याला ३५ डॉलर घेत असे, नोव्हेंबर २०२५ मध्ये ८२.९९ घेत होते. सुटे घ्यायचे म्हटले तर २१ ऑगस्ट २०२५ पासून ईएसपीएनची स्ट्रीमिंग सेवा २९.९९ ला आणि फॉक्सची, फॉक्स वन, १९.९९ ला मिळू लागली होती. दोन्ही एकत्र घेतल्यास ३९.९९. त्यावर पीकॉकचे १०.९९ धरले की पन्नाशी ओलांडली, आणि टीएनटी-टीबीएस या वाहिन्या अजून हिशेबात यायच्याच आहेत. शिवाय त्यांच्या जुन्या केबल कंपनीने टीव्ही बंद करताच नुसत्या इंटरनेटचा दर वाढवला, ते वेगळेच. ‘‘सुटे-सुटे घेऊन मी पुन्हा केबलच बांधली,’’ असा त्यांचा निष्कर्ष होता.

नानांचे उत्तर मला अधिक पटले, कारण त्यांनी वाहिन्यांऐवजी सामन्यांच्या वेळापत्रकावरून हिशेब मांडला होता. मिशिगनच्या हंगामात १२ सामने. त्यांपैकी बहुतेक फॉक्स, एनबीसी, सीबीएस किंवा एबीसीवर, म्हणजे अँटेनावर. बिग टेन नेटवर्कवर यंदा सेंट्रल मिशिगन, पर्ड्यू आणि येत्या शनिवारचा मेरीलँड असे तीन. त्यांसाठी ही वाहिनीही दाखवणारे फॉक्स वन सप्टेंबरात एक महिना आणि नोव्हेंबरात एक महिना, म्हणून सगळ्या हंगामाचे सुमारे ४० डॉलर. पूर्वी केबलच्या एका महिन्यालाही एवढ्यात भागत नसे.

‘‘आणि बास्केटबॉल?’’ बापूंनी नेमका घाव घातला. ‘‘तो नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतो. तुझे निम्मे सामने त्याच नेटवर्कवर आणि पीकॉकवर असणार, आणि मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा सीबीएसबरोबर टीबीएस, टीएनटी आणि ट्रूटीव्हीवर विखुरलेली असते. तेव्हा कोणता महिना बंद ठेवणार आहेस?’’

नानांकडे याचे समाधानकारक उत्तर नव्हते, आणि ते नसणारच. एका संघाचा एक खेळ पाहणाऱ्याला केबल सोडणे नक्कीच परवडते, विशेषतः तो बिग टेनचा असेल आणि अँटेना नीट लागत असेल तर. दोन खेळ पाहणाऱ्याचा फायदा निम्मा होतो. आणि ज्याला शनिवारी दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत कोणाचाही सामना लागतो, त्याने सरळ मोठे पॅकेज घ्यावे आणि कुरकुर करू नये. बापू या तिसऱ्या वर्गात मोडतात, हे त्यांच्याखेरीज कट्ट्यावर सर्वांना ठाऊक आहे.

अ‍ॅन आर्बरला शिकणारा नानांचा भाचा इतका वेळ गप्प होता. त्याच्या पिढीला हा वादच थोडा जुनाट वाटतो, कारण सामना मित्रांच्या खोलीवर आणि उरलेले फोनवरच्या तुकड्यांत, असा त्यांचा खाक्या. पण त्याने एक मुद्दा काढला, जो पैशांच्या गोंधळात कोणालाच सुचला नव्हता. ‘‘बापूकाका, तुमचे चित्र नानामामांच्या अँटेनापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट मागे असते. काल रिगलीवर शेवटच्या क्षणी किक आत गेली, तेव्हा ग्रुपवर मामांचा ‘जिंकलो’ असा संदेश आला, आणि ज्यांच्याकडे स्ट्रीमिंग आहे ते सगळे किकची वाटच पाहत होते.’’

यावर नानांना दम देण्यात आला की, यापुढे सामना संपल्यावर एक मिनिट फोनला हात लावायचा नाही. त्यांनी ते मान्य केले नाही.

बाकी ठरले ते एवढेच. शुक्रवारी, २८ तारखेला रात्री ए अँड एमचा ऑस्टिनमधला टेक्सासविरुद्धचा सामना एबीसीवर आहे आणि २९ तारखेला दुपारी बारा वाजता अ‍ॅन आर्बरमधला ओहायो स्टेटचा सामना फॉक्सवर, म्हणजे दोघांचेही वर्षातले सर्वांत मोठे सामने फुकट दिसणारे आहेत, तेव्हा दोन्ही दिवस नानांकडे जमायचे. बापूंनी मात्र वर्गणी बंद करणार नाही असे जाहीर केले, कारण राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या १२ संघांच्या प्लेऑफचे बहुतेक सामने ईएसपीएनकडे आहेत आणि अंतिम सामना १९ जानेवारीला आहे. वहिनींनी लगेच विचारले की, २० जानेवारीला ती बंद करायची आठवण कोण ठेवणार. बापू म्हणाले, ठेवीन. मग थोडा विचार करून म्हणाले, पण तेव्हा बास्केटबॉल ऐन रंगात असेल.