‘चोरांची वकिली’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तिच्यातली एक गोष्ट खरी होती आणि ती टोचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की गाणी-सिनेमे फुकटात उतरवून घेणाऱ्या साध्या माणसाला तुरुंगाची भीती घालून आणि सरसकट वेबसाइटी बंद करून कलाकाराच्या पदरात काही पडत नाही. त्यावर काकांनी लिहिलंय: ‘ताई, तुम्ही चोरांची वकिली करताय. एस.टी. स्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं, बावीस वर्षं चालवलं. २००९ ला शटर ओढलं ते कायमचं. अजून दोन ट्रंका कॅसेट माळ्यावर पडून आहेत. फ्रान्समध्ये तीनदा सापडलं की इंटरनेट तोडतात. आपलं सरकार झोपलंय. तुमच्या लेखात दुकानदाराबद्दल एक ओळ नाही.’

एक ओळ नाही, हे खरं. ती चूक माझी. गाण्याचा धंदा म्हणजे गायक, गीतकार आणि कंपनी एवढंच धरून मी लिहिलं. पण गावातल्या माणसाला नवी गाणी कळायची ती तुमच्यासारख्यांच्या काउंटरवर. कुठल्या शाहिराची कोणती कॅसेट आली, कोणती संपली, हे तोंडपाठ असलेली ती माणसं होती. सरकारच्या कुठल्याही उपायात त्यांना जागा मिळाली नाही. तुमचा राग मला समजतो.

पण हा राग काढायचा कुणावर, यावर आपलं जमत नाही. का, ते सांगते.

माझे वडील गवळणी आणि भारुडं लिहायचे, गायचेही. १९९१ साली एका कंपनीने त्यांची कॅसेट काढली. दहा गाणी, एकरकमी पाचशे रुपये, एका कागदावर सही. कॅसेट चांगली खपली, जत्रेजत्रेत वाजली. त्यानंतर वडिलांना त्या कंपनीकडून एक रुपया आला नाही. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा तोच सहीचा कागद दाखवला गेला. पुढे कंपनीही बंद पडली. आमच्या घरातली कॅसेट वाजून वाजून घासली, एक दिवस टेप गुंतली आणि तुटली. वडील २००६ मध्ये गेले.

२०११ च्या आषाढीला मी पंढरपुरात होते. स्टँडबाहेर मोबाइलचं दुकान. पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं, ‘गाणी भरून मिळतील’. आत विशीतला पोरगा आणि जुना कम्प्युटर. एका वारकऱ्याने कनवटीतून कागदात गुंडाळलेलं मेमरी कार्ड काढलं. पोराने ते कार्ड रीडरमध्ये घातलं, विचारलं, ‘माउली, भजनं टाकू का गवळणी?’ माउली म्हणाले, ‘वाजवून दाखव.’ पोराने एका फाइलवर क्लिक केलं आणि त्या फुटक्या स्पीकरमधून माझ्या वडिलांचा आवाज आला. फाइलच्या नावात त्यांचं नाव नव्हतं, एका वेबसाइटचं नाव होतं. गाणं संपेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग माझंही कार्ड पुढे केलं, तीस रुपये दिले आणि गाणं घेतलं.

आता तुम्हीच सांगा, काका, यात धरायचं कुणाला? त्या वारकऱ्याला? मला? तीस रुपये घेणाऱ्या पोराचं काम बेकायदा होतं, यात शंका नाही. ज्या वेबसाइटवरून त्याने फाइल घेतली तिचा मालक घरबसल्या जाहिरातींचे पैसे मोजत होता, त्याचा गुन्हा मोठा. पण माझ्या वडिलांचे पैसे या चौघांपैकी कुणीही बुडवलेले नाहीत. ते पंधरा-वीस वर्षं आधी एका सहीने बुडाले होते. माझा लेख तिथून येतो. पायरसी चांगली आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

फ्रान्सचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते अर्धं दिलंत. तिथे २००९ मध्ये कायदा झाला आणि तो राबवायला ‘हादोपी’ नावाची संस्था उभी राहिली. पहिली ताकीद ईमेलने, दुसरी पत्राने, तिसऱ्यांदा सापडलात तर कारवाई. मूळ कायद्यात इंटरनेट तोडायचा अधिकार थेट या संस्थेकडे होता. जून २००९ मध्ये तिथल्या घटना परिषदेने, म्हणजे कायदा घटनेला धरून आहे का ते तपासणाऱ्या संस्थेने, तो भागच रद्द केला. इंटरनेट हा आज अभिव्यक्तीचा भाग आहे, ते तोडायचं तर न्यायाधीशाने तोडावं, सरकारी कार्यालयाने नव्हे, असं तिचं म्हणणं. मग दुसरा कायदा आला आणि अधिकार न्यायालयाकडे गेला. २०१२ मध्ये पहिली शिक्षा झाली: दीडशे युरो दंड. दंड झालेला माणूस सांगत होता की गाणी त्याच्या बायकोने उतरवली, त्याला ते जमतही नाही. तरी दंड त्यालाच, कारण कनेक्शन त्याच्या नावावर आणि ते त्याने नीट सांभाळलं नाही, हा गुन्हा. २०१३ च्या जुलैमध्ये फ्रान्स सरकारने कनेक्शन तोडण्याची शिक्षा स्वतःच काढून टाकली. म्हणजे जो उपाय आपण आणावा असं तुम्ही म्हणता, तो ज्यांनी आणला त्यांनीच चार वर्षांत परत घेतला.

आपल्याकडे एका घरात एक मोबाइल आणि चार माणसं असतात. कनेक्शन वडिलांच्या नावावर, गाणी भाच्याने उतरवलेली, आणि त्याच मोबाइलवर मुलीचा परीक्षेचा निकाल, सातबारा, गॅसचा नंबर. तो मोबाइल बंद करून कुठल्या गायकाचं पोट भरणार?

दुसरं, सरकार झोपलंय हे म्हणणं. मला उलटंच दिसतं. सरकारचा हात जड पडतो, पण बऱ्याचदा भलत्या जागी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. आपल्या राज्याने त्यापुढे पाऊल टाकलं. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी १९८१ मध्ये केलेला एमपीडीए कायदा तुम्हाला माहीत असेल. २००९ मध्ये, तुम्ही शटर ओढलंत त्याच वर्षी, त्यात व्हिडिओ पायरेटही, म्हणजे सिनेमा-गाण्यांच्या चोरट्या प्रतींचा धंदा करणारेही, घातले गेले. या कायद्याखाली खटला न चालवता माणसाला बारा महिन्यांपर्यंत डांबता येतं. याहून कडक काय असणार? तरी तुमचं दुकान वाचलं नाही.

वेबसाइटींचं म्हणाल तर २०१२ मध्ये संगीत कंपन्यांच्या संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालयातून १०४ वेबसाइटी बंद करण्याचे आदेश मिळवले. तेव्हाची सगळ्यात गाजलेली फुकट गाण्यांची साइट त्यातच होती. काही काळातच ती नावाची शेपटी बदलून पुन्हा चालू झाली, आणि पंढरपूरच्या पोरासारख्यांना फरकही पडला नाही, कारण त्यांच्या हार्ड डिस्क आधीच भरलेल्या होत्या. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका सिनेमापुरत्या आदेशावरून इंटरनेट कंपन्यांनी विमिओसारखी साइटही बंद करून टाकली, जिथे हजारो लोक स्वतः केलेल्या फिल्म ठेवतात. शेवटी न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की ठरावीक लिंक बंद करा, आख्खी साइट नव्हे.

मागच्या लेखात मी मुंबई उच्च न्यायालयाचा नुसता उल्लेख करून पुढे गेले होते. ते प्रकरण नीट सांगायला हवं होतं. २०१६ मध्ये एक हिंदी सिनेमा यायच्या आधी निर्मात्यांनी ‘जॉन डो’ आदेश मागितला, म्हणजे अनोळखी प्रतिवादीविरुद्धचा आदेश. दिल्लीच्या न्यायालयात याच आदेशाला ‘अशोक कुमार’ म्हणायची पद्धत आहे. सोबत बंद करायच्या साइटींची भली मोठी यादी. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी विचारलं, यातली प्रत्येक लिंक कुणी उघडून पाहिली का? प्रत्येक लिंक तपासा, शपथेवर सांगा, मग या, असं म्हणून आधी आदेश दिला नाही. तपासलेली यादी आल्यावर दिला, आणि तो त्या लिंकांपुरताच.

त्याच सुमारास बंद केलेली साइट उघडली की पडद्यावर एक सूचना यायची. पाहणं, उतरवणं, दाखवणं सगळं गुन्हा, तीन वर्षं कैद, तीन लाख दंड. गावागावांत घबराट पसरली होती. मलाच तीन जणांनी फोन करून विचारलं की आता पोलीस येणार का. तो तीन लाखांचा आकडा चुकीचा होता, कलम ६३ मध्ये दंड दोन लाखांपर्यंतच आहे. आणि नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, विनापरवानगी वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं-भाड्याने देणं हा गुन्हा आहे, असं न्यायमूर्ती पटेलांनी सांगितलं आणि सूचनेचा मजकूर बदलायला लावला. उतरवून घेण्यात प्रत तयार होते, म्हणून ते वेगळं. त्याला मी बिनधोक म्हणत नाही. पण वाटणारा आणि ऐकणारा यांच्यातला हा फरक मला मोलाचा वाटतो. तुमचं दुकान गेलं तरी, माझ्या वडिलांचे पैसे बुडाले तरी, मी तो सोडणार नाही.

तो फरक पाळून केलेल्या उपायाला माझा विरोध नाही. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने थिएटरात बसून चोरून चित्रीकरण करणारा आणि ती प्रत दाखवणारा यांना थेट लक्ष्य केलं: तीन महिने ते तीन वर्षं कैद, किमान तीन लाख दंड, आणि तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. त्याच नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने बारा नोडल अधिकारी नेमले. निर्मात्याने तक्रार केली की ४८ तासांत ती प्रत काढायला लावायची, वकील आणि न्यायालय न गाठता. सिनेमाची कमाई पहिल्या आठवड्यात होते, त्यामुळे घाईचं हे कारण पटतं. पण ही सोय सिनेमांना आहे. कुणी गावातून स्वतः गवळण रेकॉर्ड केली आणि ती दुसऱ्याने आपल्या नावाने चढवली तर हे अधिकारी त्याच्या कामाचे नाहीत. त्याने त्या प्लॅटफॉर्मला नोटीस द्यायची. नोटिशीनंतर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर गाणं पुन्हा वर येऊ शकतं. गवळण लिहिणारा माणूस २१ दिवसांत कुठल्या न्यायालयातून आदेश आणणार? सरकारने काही करायचंच असेल तर ही सोय गाण्यालाही द्यावी, मराठीतून तक्रार घ्यावी.

आणि रॉयल्टी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला की तो सही करूनही सोडता येत नाही. गाणं जिथे जिथे वापरलं जाईल तिथे अर्धा वाटा त्यांचा, सिनेमातल्या गाण्याला फक्त थिएटरातल्या प्रदर्शनाचा अपवाद. जावेद अख्तर यासाठी राज्यसभेत उभे राहिले होते. सरकारने कलाकारासाठी केलेला इतका थेट उपाय मला दुसरा दिसत नाही. त्यात दंड नाही, तुरुंग नाही, तरी त्याने जे झालं ते कुठल्याही छाप्याने झालं नसतं. वडिलांची सही १९९१ ची, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. पण आज माझ्या ओळखीतली किती पोरं-पोरी लग्नाची, देवाची गाणी लिहून युट्यूब चॅनेलवाल्यांना हजार-दोन हजारांत देतात! त्यांच्यापैकी एकालाही हा हक्क माहीत नव्हता. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षंच धरली जाते, हेही माहीत नव्हतं. या पोरांना तालुक्याच्या गावी बसवून हे सांगायला एका सरकारी माणसाला किती खर्च येईल? मागच्या लेखात मी हेच मागितलं होतं. याला चोरांची वकिली म्हणू नका, काका.

आता त्या दोन ट्रंकांचं. पंढरपुरात मिळालेली एकच गवळण माझ्याकडे आहे. बाकीची नऊ गाणी मला कुठेही सापडलेली नाहीत, ना दुकानात, ना इंटरनेटवर. निळ्या कव्हरची कॅसेट होती, कव्हरवर तुळशीवृंदावन आणि खाली वडिलांचा फेटा बांधलेला फोटो. उन्हाळ्यात माळा साफ करताना ट्रंका उघडाल तर तेवढं बघाल का? मी स्वतः येईन, आणि त्यावर छापलेली किंमत देऊन घेईन.