पन्हाळ्यावर माणसे राहतात

पन्हाळा माझे माहेर. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी वाघबीळ ओलांडून एस.टी. चढणीला लागली की घरी पोहोचल्यासारखे वाटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि त्यात पन्हाळा आला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्यानंतर जे लेख आणि भाषणे वाचनात आली, त्यांत गडावर राहणाऱ्या माणसांचा उल्लेख जवळजवळ नव्हता, आणि जिथे होता तिथे ‘अतिक्रमण’ या एका शब्दात होता. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२००१ च्या जनगणनेत पन्हाळा नगरपरिषदेची लोकसंख्या ३,४५० होती. २०११ मध्ये ती ३,१२१ झाली. दहा वर्षांत गाव वाढण्याऐवजी आटले. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर वसलेल्या या एवढ्याशा गावात तहसील कार्यालय आहे, न्यायालय आहे, पंचायत समिती आहे, कारण सुमारे अडीच लाख वस्तीच्या तालुक्याचे हे मुख्य ठिकाण आहे. सात-बाराच्या कामाला, तारखेला, दाखल्याला खालच्या गावांतली माणसे रोज गड चढतात. पायथ्याच्या वाड्यांमधून बायका दह्याची गाडगी आणि झुणका-भाकरीचे साहित्य घेऊन येतात आणि पर्यटकांच्या वर्दळीवर त्यांचे घर चालते. गडावर हिंदू आणि मुसलमान घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. साधोबाच्या उरुसाला आमच्या घरून नैवेद्य जात असे आणि आमच्या गणपतीला शेजारची चाचीच दुर्वा खुडून आणत असे. गडाची माहिती सांगताना हे सगळे सोडून केवळ सज्जाकोठी, अंबरखाना आणि तीन दरवाजा या जुन्या वास्तू सांगितल्या, तर ती माहिती अपुरी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ही वस्ती गडाला नंतर चिकटलेली नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा गड उभारला, तेव्हापासून त्याला राबती माणसे लागली. पुढे ताराराणींच्या काळात इथे राजधानी आली आणि १७८२ मध्ये ती कोल्हापुरात हलेपर्यंत पन्हाळा हे राज्यकारभाराचे गाव होते. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये इथलाच. गड राखणाऱ्या गडकऱ्यांना वंशपरंपरेने जमिनी होत्या. त्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचा निर्णय झाला, त्यातून १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव पेटला आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला इंग्रजांनी पन्हाळा घेतला. गडाचे चार दरवाजा नावाचे प्रवेशद्वार पाडले गेले ते त्या धामधुमीत. गडावरच्या माणसांना न विचारता त्यांच्या भाकरीचा निर्णय घेतला की काय होते, याचा इतका ठळक दाखला आपल्याच तटाला चिकटून आहे आणि तो कोणी आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

त्याच चार दरवाजापाशी जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत मुख्य रस्ता खचला. जड वाहने बंद झाली, गावाचा व्यवहार ठप्प झाला आणि आजारी माणसाला खाली कसे न्यायचे, हा प्रश्न घराघरांत उभा राहिला. हा रस्ता पर्यटकांच्या आधी या तीन हजार माणसांचा आहे, हे त्या वेळी तरी सर्वांना कळायला हवे होते.

आता आमच्या घराविषयी. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आतील क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घरांची दुरुस्ती करता येते, पण तिलाही परवानगी लागते. नियम योग्यच आहे. तटाला खेटून तीन मजली लॉज उठावेत असे मलाही वाटत नाही. परंतु माझ्या थोरल्या काकूंनी आढ्याचा एक वासा आणि काही कौले बदलण्यासाठी केलेला अर्ज दुसऱ्या पावसाळ्यातही एका कार्यालयात पडून आहे. पन्हाळ्याचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना दुसरा पावसाळा म्हणजे काय ते सांगायला नको. जूनपासून धुके घरात शिरते, कपडे टोपलीखाली निखारे ठेवून वाळवावे लागतात, भिंतीचा चुना बोटाला लागतो आणि वासा आतून कुजत जातो. काकू मला म्हणाल्या, “आमी काय कालपरवा गडावर आलो न्हाई, पोरी. कौल बदलायला बी इचारायचं, तर इचारतो की. पर उत्तर तर द्या.”

माझी मागणी मोठी नाही. वारसास्थळाच्या व्यवस्थापनाचा जो काही आराखडा अमलात येईल, त्यात प्रत्येक राहत्या घराची नोंद असावी, त्यावर मराठीत आणि गावातच बसून चर्चा व्हावी, आणि दुरुस्तीच्या अर्जाला ठरावीक दिवसांत होय किंवा नाही असे लेखी उत्तर मिळावे. पायथ्याच्या बायकांना बसायला कायमची जागा नेमून द्यावी. हे झाले नाही, तर तरुण पोरे कोल्हापुरात खोली घेतील, म्हातारी माणसे तेवढी मागे उरतील, आणि पुढच्या जनगणनेत ३,१२१ चा आकडा आणखी खाली येईल.

मागच्या रविवारी गेले होते. काकूंनी माळ्यावर गळतीखाली तीन पातेली मांडली होती, आणि चौथे मी जाताना खालून घेऊन गेले.