टोल भरून परत तिथेच

"गाडी चालवूक जर्मनीक? आपल्या हायवेन तुझा काय घोडा मारल्यान?" घरातल्या वडीलधाऱ्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. हिशोब मात्र आहे, आणि तो ऐकला की प्रश्न वाढतात.

जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगचा जुना शर्यतीचा ट्रॅक, नॉर्डश्लायफे, 1927 साली सुरू झाला. लांबी 20.832 किलोमीटर, म्हणजे जवळपास सावंतवाडी ते कुडाळ. फरक इतकाच की मधे झारापला चहा नाही आणि पोचायचं पुन्हा सावंतवाडीलाच. सामान्य जनतेला खुला असतो तेव्हा तो कायद्याने एकदिशा टोलरस्ता. गेल्या काही मोसमांत फेरीचा दर सोमवार ते गुरुवार 30 युरो आणि शुक्रवार ते रविवार 35 युरो होता. एकूण खर्चात हीच बाब सर्वांत स्वस्त. बाकीचा खर्च आजूबाजूला दबा धरून बसलेला असतो.

आधी मुहूर्त. ट्रॅक साधारण मार्च ते नोव्हेंबर चालतो. एप्रिल-मे आंब्याचे, त्या दिवसांत बागायतदाराने परदेशाचं नाव काढलं तर त्याला आधी वैद्याकडे नेतील. मग पेरणी, लावणी, मग गणपती. उरतो विसर्जन ते दिवाळी हा तुकडा, आणि नेमकं तेव्हा तिथे आयफेलच्या डोंगरात धुकं उतरतं. धुकं दाटलं की ट्रॅक बंद. आंबोलीसारखं 'पार्किंग लाइट लाव, जाऊया' तिथे चालत नाही. म्हणून विमानाआधी ट्रॅकचं अधिकृत वेळापत्रक बघायचं. शर्यती आणि कंपन्यांच्या चाचण्यांचे दिवस आपल्याला बंद असतात. आडवारी बहुधा संध्याकाळचे दोन-अडीच तासच मिळतात, पण रविवारच्या जत्रेपेक्षा मला ते बरे वाटतात.

जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी 90 युरो. अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेचा उताराही दाखवायचा, आणि तिथे आपली पंचाईत होते: मे महिन्यात पेटीचे पैसे आले, जूनमध्ये खत, कौलं आणि गडी यांत गेले, हा कोकणी आलेख परदेशी साहेबाला कसा समजावणार? इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मात्र सोपं. सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसच्या आरटीओत 1000 रुपये भरायचे, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत हवंच.

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून आखातातल्या विमानाची पुढची जोडणी जमली तर मुंबईचा फेरा वाचतो. नाहीतर कोकणकन्या, आणि मुंबईत एक रात्र हाताशी. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात. विमानाला हे कोणी कळवत नाही.

आता खरी मेख. फ्रँकफर्ट किंवा कोलोनला उतरून विमानतळावरची भाड्याची गाडी थेट ट्रॅकवर न्यायची, हा प्रत्येकाला सुचणारा शहाणपणा. भाड्याच्या करारात त्याला मनाई असते, कैकदा ट्रॅकचं नाव घालून. धडकलात तर विमा हात वर करतो. विमानतळावरची गाडी ट्रॅकजवळच्या गावात उभी करायची आणि ट्रॅकसाठी तिथल्याच खास दुकानातून वेगळी गाडी घ्यायची. घेताना अश्वशक्ती विचारू नका. विचारायचं ते हे: अपघात झाला तर पहिली किती रक्कम माझ्या खिशातून? तो आकडा ऐकून परवडेल ती गाडी आपली. वर लोखंडी कठडा वाकला तर त्याचं बिल वेगळं, गाडी ओढून नेल्याचं वेगळं, ट्रॅक बंद ठेवावा लागला तर त्याचंही. आपल्या घाटात कठडा तुटला की चार पावसाळे तसाच असतो. तिथे मोजमाप लगेच होतं.

एक गोष्ट कोकणी मनाला फार सुखावते. तिकीट गाडीला, माणसाला नाही! लगेच सहा आसनी रिक्षा डोळ्यांपुढे आणू नका. भाड्याच्या गाडीत किती माणसं चालतात ते कागदावर लिहिलेलं असतं, आणि वजन वाढलं की ब्रेक तापतात.

ब्रेकचं प्रकरण नीट समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट 4 दर्जाचं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेल्याला 155 अंश पुरतात. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही, पेडल चिखलात पाय रुतल्यासारखं खाली जातं. पेडल मऊ लागलं की हट्ट सोडायचा आणि उजवी कड धरून हळू बाहेर पडायचं. ओव्हरटेक फक्त डावीकडून होतो, म्हणून मागून वादळ आलं तर उजवा इंडिकेटर देऊन गप्प उजवीकडे. शेवटचा टप्पा सावकाश घ्या, ब्रेक निवू द्या, आणि पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नका. लालबुंद डिस्कला पॅड चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवायची. वेळ मोजायला आणि व्हिडिओ काढायला बंदी आहे, त्यामुळे गावी येऊन कितीही मिनिटं सांगता येतात.

व्हिसाच नको असेल तर मलेशियातला सेपांगचा ट्रॅक बघा: 5.543 किलोमीटर, विमानतळाच्या शेजारी, आणि 2026 अखेरपर्यंत भारतीयांना 30 दिवस व्हिसामाफी. डिजिटल आगमन-अर्ज तेवढा पोचण्याआधीच्या 3 दिवसांत भरायचा. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, दुपारचा पाऊसही आपल्यासारखाच. सकाळची वेळ घ्या.

सामानाचं शेवटी. युरोपात खव्याची बर्फी आणि मटण नेता येत नाही. आंब्याला रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं. सुक्या मासळीला मात्र 20 किलोपर्यंत मुभा आहे! मुक्कामाच्या पेन्शनच्या, म्हणजे तिथल्या घरगुती लॉजच्या, मालकिणीच्या स्वयंपाकघरात सुका बांगडा भाजायचा की नाही, याबद्दल युरोपीय संघाचा नियम काही म्हणत नाही. नारळालाही सर्टिफिकेट नको, पण विमान कंपनीला विचारून घ्या. सुकं खोबरं मात्र चेक-इन बॅगेत चालत नाही, पेट घेतं म्हणून. नारळ पोचला तर ट्रॅकच्या गेटाबाहेर गाऱ्हाणं घालायला हरकत नाही: बा देवा म्हाराजा, कठड्याचा बिल येवचा न्हाय असा कर रे म्हाराजा. बरोबरच्याने "व्हय म्हाराजा" जरा हळू म्हणावं; मागे रांग असते.