फक्त चार स्क्रू

नवतपा लागला आणि त्याच रात्री आमच्या एसीने मान टाकली. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि तिथून नऊ दिवस इथे माणसांचं भरीत होतं. पारा ४५च्या आसपास, टाकीतलं पाणी रात्री अकरालाही अंगावर घेववत नाही, कुत्री नालीत बसून असतात. अशात एसीतून वारा तर येत होता, पण खोलीतलीच हवा तो आम्हाला जशीच्या तशी परत करत होता. शेजारणीने वाटी रिकामीच परत करावी तशी.

नेहमीच्या मेकॅनिकभाऊंना फोन लावला. मे महिन्यात यांचा फोन लागला, की अर्धी दुरुस्ती झाली असं समजायचं.

"हाव ताई, येतो ना."

"कधी?"

"आता पाच-सहा दिवस तर लय काम आहे. तोवर कूलर लावून घ्या. आन् गॅस संपला असन, दुसरं काही नाही."

फोनवरून. न बघता. मागच्या मे महिन्यातही गॅसच संपला होता आणि त्याच्या मागच्यातही. नवऱ्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. गाडीतलं पेट्रोल संपतं, स्वयंपाकघरातलं सिलिंडर संपतं, तसा एसीतला गॅस संपतो, असा त्याचा सरळ हिशेब.

कूलर मी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊन टाकला होता. सासूबाईंनी त्या रात्री हा विषय तीनदा काढला. वास्तविक त्यांना एसी सोसत नाही. गुडघे धरतात, म्हणून त्या बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपतात आणि आमचं दार जरा उघडं राहिलं तरी "लाव बाई ते दार, तुमची थंडी येते इकडे" म्हणून ओरडतात. असं असताना एसी बिघडल्यावर आमच्यापेक्षा त्यांचाच जीव जास्त का वरखाली होतोय, हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण मी व्हिडिओ बघत होते.

पहिलाच व्हिडिओ लागला तो अमेरिकेतला. तिकडे गरम करणं आणि गार करणं हा एकाच माणसाचा धंदा असतो. आपल्याकडे गरम करायचं खातं सूर्याकडे आहे. तर त्या घराच्या तळघरात कपाटाएवढी भट्टी होती. तिच्यात ज्योत पेटायची आणि तीन-चार सेकंदांत विझायची. ज्योत खरंच लागली का हे ओळखायला तिथे एक बारीकशी कांडी असते. तिच्यावर काजळीसारखा थर बसला, की यंत्राला ज्योत दिसत नाही आणि ते घाबरून गॅस बंद करतं. त्या माणसाने कांडी काढली, हलक्या हाताने घासली, परत लावली. भट्टी भडभड पेटली. घरमालकीण कौतुकाने हसली.

यात माझ्या कामाचं काही नव्हतं. पण भट्टीच्या वरच्या झरोक्यातून बाहेर पडणारा बर्फ दिसत होता. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि संपल्यावर पुन्हा लावला. नवराही उठून बाजूला येऊन बसला. "त्याला म्हणावं, कॅमेरा जरा वर धर," म्हणाला.

दुसरे गुरुजी दिल्लीकडचे. त्यांची पहिली सात मिनिटं "तो दोस्तो" यातच जायची. पुढे भराभर "इसको खोला, इसको निकाला, इसको लगाया". इसको म्हणजे कुणाला, हे कॅमेऱ्यासमोर त्यांचा स्वतःचाच हात असल्यामुळे शेवटपर्यंत गुलदस्त्यात. तिसरा मात्र आपला मराठी पोरगा निघाला. मागे शेळी ओरडत होती, मध्येच त्याची आई "जेवून घे रे" म्हणून गेली, पण त्याने पक्कड बाजूला ठेवून समजावून सांगितलं. जे काही शिकले ते त्याच्याकडून.

पहिली गोष्ट म्हणजे, एसीतला गॅस संपत नसतो. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून गोल गोल फिरतो. आत खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, परत येतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि आधी ती शोधून बुजवली पाहिजे. हे ऐकल्यावर मी रात्री पावणेदोनला उठून दोन वर्षांच्या पावत्या काढल्या आणि बेरीज केली. आकडा इथे लिहीत नाही. नवऱ्याला सांगितला नाही, तर तुम्हाला कुठे सांगू.

दुसरी गोष्ट टनाची. दीड टनाचा एसी घेतला तेव्हा नवऱ्याने घर बांधणाऱ्या ठेकेदाराला फोन करून विचारलं होतं, की आमचा स्लॅब दीड टन वजन पेलेल ना? ठेकेदार बराच वेळ काही बोललाच नव्हता. आता कळलं, की ही बर्फाची भाषा आहे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता उपसणारं यंत्र ते एक टनाचं. अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो. आमच्या दीड टनाच्या हिशेबाने दिवसाला साडेतेराशे किलो बर्फ. नवऱ्याने हे ऐकलं, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे स्लॅबला धोका नाही."

आणि एक गंमत. आधुनिक एसीची सुरुवात माणसांसाठी झालेलीच नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचे, रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. म्हणून विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा काढणारी यंत्रणा आखली. माणसांना गार वाटणं हा त्यातला वरकड नफा. हे तेव्हा मी नुसतं वाचून सोडून दिलं. पुढे त्याची आठवण झाली.

आता निदान. गच्चीवरच्या आऊटडोअरचा पंखा फिरत होता, पण कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, नुसता "हुंऽऽ" करून "टक" असा गप्प बसायचा. थोड्या वेळाने पुन्हा हुंऽऽ, पुन्हा टक. शेळीवाला पोरगा म्हणाला होता, असा आवाज आला की आधी कपॅसिटर बघा. हा डबा कॉम्प्रेसरला सुरू होताना धक्का देतो. चढावर बंद पडलेल्या लुनाला मागून ढकलणारा मित्र म्हणा. मित्रच आडवा झाला, तर लुना जागची हलत नाही.

पहाटे साडेपाचला आम्ही गच्चीवर. नंतर गेलं असतं तर स्लॅबवर धिरडी झाली असती. खाली एमसीबी, म्हणजे एसीच्या विजेचा खटका, पाडून त्यावर कागद डकवला: "हात लावू नये". तरी भरवसा नको म्हणून सासूबाईंना त्याखाली खुर्ची टाकून बसवलं. मी रबरी चपला घातल्या होत्या. नवऱ्याच्या हातात कपडे वाळत घालायची वेळूची काठी. मला शॉक लागलाच, तर हाताने न ओढता काठीने बाजूला करायचं, असं त्याने एका व्हिडिओत बघितलं होतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण इतका तत्पर मी त्याला कधी बघितला नव्हता.

"फक्त चार स्क्रू काढा, कव्हर हातात येईल," असं तिन्ही गुरुजी म्हणाले होते. आमच्या मशीनला अकरा निघाले. त्यातल्या नवव्याचं डोकं गंजून इतकं गुळगुळीत झालं होतं, की त्यात पेचकस बसतच नव्हता. गंजका स्क्रू आला, की व्हिडिओवाले मध्ये काप मारतात आणि पुढच्या क्षणी कव्हर खाली ठेवलेलं असतं. मधल्या वेळात ते काय करतात हे कुणी दाखवत नाही. मी सांगते: शिव्या देतात. मी दिल्या. शेजारच्या गच्चीवर सूर्यनमस्कार घालणारे काका सातव्या नमस्कारावर थांबले ते थांबलेच. शेवटी खोबरेल तेल सोडलं, पंधरा मिनिटं वाट बघितली, वर पाना धरून पिळला, तेव्हा तो सुटला.

मग कपॅसिटरमधली वीज उतरवायची. वीज बंद केली तरी त्या डब्यात ती साठून राहते आणि जोराचा झटका देऊ शकते. दिल्लीचे गुरुजी सरळ पेचकसाने दोन टोकं जोडून फाटकन ठिणगी पाडतात आणि हसतात. अमेरिकन म्हणतो, असं चुकूनही करू नका, रेझिस्टर लावून हळूहळू उतरवा. मी अमेरिकनाचं ऐकलं, कारण रेझिस्टर आदल्या संध्याकाळी वीस रुपयांत मिळाला होता आणि नवऱ्याने काठी उचलून धरली होती.

कपॅसिटरचं डोकं तळलेल्या पुरीसारखं टम्म फुगलं होतं. मला इतका आनंद झाला, की मी त्याचे नऊ फोटो काढले. निदान बरोबर आलं होतं! पण कव्हर ठेवायला मागे वळले आणि दिसलं, की मागच्या जाळीवर, कॉइलच्या पातळ पात्यांवर, पांढरा थर होता. वरून ओघळून वाळल्यासारखा. ठिकठिकाणी चमकणारा.

तिथेच उन्हात उभं राहून शोधलं. एक गुरुजी म्हणाले, धातू सडतोय. दुसरे म्हणाले, समुद्राच्या खाऱ्या हवेने असं होतं. आता नागपूरला समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. तिसऱ्याने तर कॉइलच बदलायला लावली, आणि त्या किमतीत नवा एसी आला असता. मी मटकन टाकीच्या ओट्यावर बसले. नवऱ्याने नखाने थोडा थर खरवडला, हुंगला आणि मी नको नको म्हणेपर्यंत जिभेवर ठेवला.

"जिरं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"जिरं. आणि मीठ जरा जास्त झालंय."

कबुतरांनी कुठूनतरी काहीतरी आणलं असेल, असं म्हणून आम्ही तो विषय तिथेच सोडला. दोन पदवीधर माणसं!

इतवारीत कपॅसिटर घ्यायला मी गेले. "पन्नासचा द्या," म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "पन्नासमध्ये नाही येत ताई." मी म्हटलं, रुपये नाही, मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा. त्याने चष्म्यावरून बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, कुणी पुरुष माणूस आहे का म्हणून. मग डबा काढून दिला.

वायरी सोडवायच्या आधी फोटो काढून ठेवला होता, तसाच नवीन जोडला. एमसीबी वर केला. हुंऽऽ... आणि टक नाही. घुर्रर्र. दहा मिनिटांत खोली गार. नवऱ्याने काठी भिंतीला टेकवली आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी ऑफिसात मी चार जणांना त्यांच्या एसीबद्दल न विचारता सल्ले दिले.

तिसऱ्या दिवशी एक फाइल घरी राहिली म्हणून भर दुपारी एक वाजता घरी आले. बाहेरच्या खोलीत सासूबाई नाहीत. आमच्या खोलीचं दार लावलेलं आणि आत, रिकाम्या खोलीत, एसी जोरात चालू. पलंगावर चिटपाखरू नाही. एप्रिलच्या विजेच्या बिलावरून मी नवऱ्याशी तीन दिवस अबोला धरला होता, ते एका क्षणात आठवलं. जिना चढून गच्चीवर गेले.

आऊटडोअरच्या डोक्यावर मोठं प्लॅस्टिक अंथरलं होतं आणि त्यावर ओळीने, पळीपळीने घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या. प्लॅस्टिक मागच्या बाजूला खाली लोंबत होतं आणि मशीनने ते श्वास ओढून जाळीला घट्ट चिकटवून धरलं होतं. पुढे पंख्यासमोर बाज उभी केलेली, तिच्यावर जुनं लुगडं, लुगड्यावर आदल्या दिवशीच्या पापड्या. सासूबाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन टाकीच्या सावलीत राखण करत बसलेल्या.

"आई, हे काय?"

"वाळवण," त्या म्हणाल्या. एवढंही कळत नाही का, असा स्वर.

"इथे?"

"मग कुठे? हा वारा बघतेस ना. खाली घातलं तर प्लॅस्टिक उडून पाचपावलीला जातं. इथे मशीन धरून ठेवतं. आणि पुढून कसली गरम हवा फेकतं ते! लुगड्यावरच्या दोन तासांत कडकडीत."

मी त्यांना सगळं सांगितलं. मशीन मागून हवा ओढतं आणि तिच्यावर खोलीची उष्णता लादून पुढे फेकतं. मागचं नाक दाबलं आणि पुढचं तोंड बांधलं, की उष्णता आतच कोंडते, कॉम्प्रेसर रडकुंडीला येतो, कपॅसिटर फुगतो. बोलता बोलता मलाच उलगडलं, की दर वर्षी मे महिन्यातच आमचा 'गॅस' का संपत होता आणि मेकॅनिकभाऊ पाच-सहा दिवसांनी यायचे तोवर वाळवणं डब्यांत गेलेली असल्यामुळे तो लगेच 'भरला' का जात होता. ब्रुकलिनच्या छापखान्याचीही आठवण झाली. तिथे कागद, इथे पापड्या. मूळ हेतू माझ्यापेक्षा सासूबाईंनाच जास्त कळला होता, आणि तोही एकही व्हिडिओ न बघता.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"व्हिडिओत होतं."

"मग त्यालाच विचार, अजून दोन किलो साबुदाणा भिजलाय, तो कुठे घालू?"

वाटाघाटी संध्याकाळपर्यंत चालल्या. प्लॅस्टिक काढायचं. बाज राहील, पण मशीनपासून चार हात लांब. एसी दुपारी बंद. याच्या बदल्यात मी नवीन कूलर आणायचा.

मेकॅनिकभाऊ सहाव्या दिवशी आले, बोलले होते तसे. मी नवा कपॅसिटर दाखवला, जुना दाखवला, फोटोही दाखवले. त्यांनी मान डोलावली, गच्चीवर जाऊन पाइपला हात लावला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाले, "बाकी ठीक आहे साहेब, गॅस थोडा कमी वाटून राहिला."

मी त्यांना पाइपला साबणाचा फेस लावून गळती कशी शोधतात ते विचारलं. ते म्हणाले, "तसा बराबर आहे म्हना." मग चहा झाला. चहाबरोबर सासूबाईंनी ताटलीभर पापड्या तळून आणल्या, पांढऱ्याशुभ्र, तळहाताएवढ्या फुललेल्या.

"काकू, काय फुलल्या हो!" भाऊ म्हणाले. "आमच्या घरी अशा नाही होत. कुठं वाळवता?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. नवरा जाऊन काठी जागेवर ठेवून आला.